शक्तिमान मालिकेचे पुनर्मूल्यांकन

'शक्तिमान' ही दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ ते २७ मार्च २००५ या काळात प्रसारित झालेली, विज्ञान आणि अद्भुतरम्यता यांचा मेळ घालणारी हिंदी मालिका होय. बालपणी ती पाहिलेल्या पिढीने प्रौढपणी, विशेषतः २०२० मधील पुनःप्रसारणानंतर, तिच्या निरनिराळ्या टप्प्यांचा नव्याने विचार केला. या पुनर्विचाराची कारणे व त्यातील मतभेद प्रस्तुत लेखात दिले आहेत.

पार्श्वभूमी

मालिकेचे निर्माते मुकेश खन्ना व दिग्दर्शक दिनकर जानी होते. शक्तिमान आणि वृत्तपत्रातील भोळा छायाचित्रकार पंडित गंगाधर अशा दोन्ही भूमिका खन्ना यांनीच केल्या. सुरेंद्र पाल यांनी तमराज किल्विष, ललित परिमू यांनी डॉ. जैकाल, टॉम ऑल्टर यांनी महागुरू, तर अश्विनी काळसेकर यांनी शलाका ही पात्रे रंगविली. पत्रकार गीता विश्वास ही भूमिका आरंभी किटू गिडवानी यांनी व नंतर वैष्णवी महंत यांनी केली.

त्यापूर्वी १९८९ च्या सुमारास 'इंद्रधनुष' व 'स्पेस सिटी सिग्मा', तर १९९८ मध्ये केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' ही मालिका दूरदर्शनवर आली. मात्र साडेसात वर्षे चालल्यामुळे कालखंडांची तुलना करण्यास वाव देणारी मालिका म्हणून 'शक्तिमान'चेच नाव प्रामुख्याने घेतले जाते.

मराठवाड्यातील प्रेक्षक

केबल वाहिन्या खेडोपाडी पोहोचण्यापूर्वी मराठवाड्यात अंबाजोगाई, म्हैसमाळ यांसारख्या प्रक्षेपण केंद्रांवरून दिसणारे दूरदर्शन हेच दृक्-मनोरंजनाचे मुख्य साधन होते. लातूर व नांदेड जिल्ह्यांतील ग्रामीण भागात दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरी असत, आणि भारनियमनामुळे वीज गेली की चालू भाग अर्धवट राही. घरी ध्वनिचित्रमुद्रणाची सोय क्वचितच असल्याने हुकलेला भाग पुन्हा पाहता येत नसे. परिणामी अनेकांच्या स्मरणात अखंड कथा न राहता सुटे प्रसंग राहिले. पुढे भाग सलग पाहता आल्यावर आठवण व प्रत्यक्ष मालिका यांतील अंतर त्यांच्या लक्षात आले.

२०२० मधील पुनःप्रसारण

करोनाकाळातील टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' व 'महाभारत' यांच्या पाठोपाठ एप्रिल २०२० मध्ये 'शक्तिमान'चे पुनःप्रसारण सुरू केले. एकेकाळचे बालप्रेक्षक आता आपल्या मुलांसमवेत ती पाहू लागले. नव्या पिढीला चित्रणातील युक्त्या ढोबळ वाटल्या; जुन्या प्रेक्षकांना त्यामागील अल्प साधनसामग्री प्रथमच जाणवली.

मतभेदाचे मुद्दे

विज्ञानाचे स्थान: नायकाची शक्ती योगसाधना, सप्तचक्रे व पंचमहाभूते यांतून येते, तर डॉ. जैकाल हा वैज्ञानिक अंधाराची सेवा करतो. त्यामुळे मालिका विज्ञानाविषयी अविश्वास निर्माण करते, असा एक आक्षेप आहे. दुसऱ्या मतानुसार टीकेचा रोख विज्ञानावर नसून त्याच्या स्वार्थी वापरावर आहे. जयंत नारळीकर, बाळ फोंडके यांच्या विज्ञानकथांत वैज्ञानिक कल्पना हा कथेचा पाया असतो. ती कसोटी लावल्यास 'शक्तिमान' विज्ञानकथेपेक्षा अद्भुतकथेला जवळची ठरते.

आरंभीचा व उत्तर कालखंड: आरंभीच्या भागांत नायकाची जडणघडण, गंगाधरचा विनोद आणि गीताचा शोध यांना महत्त्व होते. पुढे खलनायक व त्यांनी निर्माण केलेले विचित्र जीव यांची पुनरावृत्ती वाढली, असे टीकाकार म्हणतात. याउलट कल्पनेची विविधता उत्तरार्धातच अधिक आहे, असेही मत मांडले जाते.

उपदेश: भागाच्या अखेरीस मुलांना स्वच्छता, शिस्त व सत्यवचन यांविषयी दिला जाणारा बोध पूर्वी चेष्टेचा विषय होता. पालक झालेल्या प्रेक्षकांनी त्याचे मोल पुन्हा जोखले आहे. तथापि, कथेतून सहज न उमगणारा बोध वेगळा सांगावा लागणे ही लेखनातील उणीव आहे, हा आक्षेप कायम आहे.

मुलांची सुरक्षितता: शक्तिमान वाचवील या समजुतीने मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या त्या काळी प्रसिद्ध झाल्या. खन्ना यांनी मालिकेवरील आरोप नाकारले. मात्र अशा कृतींचे अनुकरण करू नये, असे आवाहन मालिकेतून करण्यात आले. पुनर्विचारात हा प्रश्न सर्वांत गंभीर ठरतो. बालप्रेक्षक कल्पित व वास्तव यांत भेद करू शकतो असे निर्मात्याने कितपत गृहीत धरावे, यावर एकमत नाही.

आर्थिक बाजू

प्रायोजित कार्यक्रमासाठी निर्मात्याला दूरदर्शनला शुल्क द्यावे लागे व जाहिरातींतून खर्च भरून काढावा लागे. वाढत्या शुल्कामुळे मालिका थांबवावी लागली, असे खन्ना यांनी मुलाखतींत सांगितले आहे. हे लक्षात घेता उत्तर कालखंडातील सर्वच उणिवांचा दोष लेखनाला देता येत नाही.

अन्य देशांतील उदाहरण

१९६३ मध्ये सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचे अनेक जुने भाग बीबीसीने पुसून टाकले होते. चाहत्यांनी घरी केलेली ध्वनिमुद्रणे व परदेशी केंद्रांतील प्रती यांमुळे त्या काळाचे पुनर्मूल्यांकन शक्य झाले. २०१३ मध्ये नायजेरियातील जोस येथे सापडलेले ९ हरवलेले भाग जाहीर करण्यात आले. जुन्या कालखंडाविषयीचे मत तपासून पाहण्यासाठी मूळ सामग्री जतन होणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

पुढील रूपांतरे

२०११ मध्ये 'शक्तिमान'ची सचेतपट मालिका आली. २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने या पात्रावर आधारित चित्रपटाची घोषणा केली.