३० मायक्रोसेकंदांत डोळ्याची लांबी : मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचं मोजमाप

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर.

घरात आजी-आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की आपण काय विचारतो? ‘लेन्स कुठल्या कंपनीची? इंडियन की इम्पोर्टेड? खर्च किती?’ पण एक प्रश्न सहसा राहूनच जातो : लेन्सचा नंबर कसा काढला? खरं तर ऑपरेशननंतर आजीला नीट दिसणार की पुन्हा मोठा चष्मा लागणार, हे बरंचसं या मोजमापावर ठरतं.

भानगड काय आहे?

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातली नैसर्गिक लेन्स गढूळ होणं. ऑपरेशनमध्ये ती काढतात आणि तिथे कृत्रिम लेन्स बसवतात. चष्म्याची काच बदलता येते, डोळ्यात बसवलेली लेन्स सहजासहजी बदलता येत नाही. म्हणून नंबर आधीच बरोबर काढावा लागतो.

हा धडा अगदी पहिल्याच ऑपरेशनने दिला. १९४९ मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. लेन्स बसली, पण तिची ताकद इतकी जास्त निघाली की पेशंटला भलामोठा मायनस नंबर आला.

नंबर काढायला मुख्यतः दोन मापं लागतात. पहिलं, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची गोलाई. दुसरं, डोळ्याची पुढून मागे लांबी. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २३.५ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीच ते तीनने चुकतो!

आवाजाची मोजपट्टी

आता डोळ्यात पट्टी घालून तर मोजता येत नाही. मग काय करायचं? डोंगरात हाक मारली की प्रतिध्वनी येतो ना, तसंच. या तपासणीला ‘ए-स्कॅन’ म्हणतात. डोळा बधिर करणारा थेंब टाकतात आणि पेनासारखा प्रोब समोर धरतात. त्यातून साधारण १० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १ कोटी कंपनांचा आवाज आत जातो. आपल्या कानांना तो ऐकूच येत नाही.

हा आवाज कॉर्निया, लेन्सची पुढची बाजू, तिची मागची बाजू आणि शेवटी डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, अशा प्रत्येक ठिकाणाहून थोडाथोडा परत येतो. स्क्रीनवर त्याचे उंच सुळके दिसतात. डोळ्यात आवाजाचा सरासरी वेग सेकंदाला १५५० मीटर धरतात. म्हणजे २३.५ मिलिमीटर जाऊन परत यायला फक्त ३० मायक्रोसेकंद! तेवढ्या वेळावरून मशीन लांबी काढतं. प्रोब जरा तिरका धरला, तर सुळके बुटके होतात आणि माप चुकतं.

खरी गोम स्पर्शात

कॉर्निया मऊ असतो. प्रोब त्याला टेकवताना किंचित दाब पडला तरी डोळा चेपतो आणि माप कमी येतं. समजा ०.३ मिलिमीटर कमी आलं. मशीनला वाटतं डोळा आखूड आहे, म्हणून ते जास्त ताकदीची लेन्स सुचवतं. ऑपरेशन झकास होतं, पण पेशंटला पाऊण नंबरच्या आसपास मायनस येतो.

यावर उपाय आहे पाणी. पेशंटला आडवं करून पापण्यांमध्ये छोटासा कप बसवतात, त्यात सलाइन भरतात आणि प्रोब त्या पाण्यात धरतात. डोळ्याला स्पर्शच नाही, त्यामुळे दाबही नाही. याला ‘इमर्शन’ पद्धत म्हणतात. थोडा वेळ जास्त लागतो, पण माप जास्त भरवशाचं येतं.

मग लेझरवाली मशीन कशाला आहेत?

बरोबर प्रश्न! १९९९ पासून प्रकाशाने मोजणारी मशीनं बाजारात आहेत. ती स्पर्श न करता आणखी अचूक मोजतात. पण प्रकाश आरपार जायला हवा ना? मोतीबिंदू पूर्ण पिकला की तो अडतो. गावाकडे कित्येक जण डोळा पार पांढरा होईपर्यंत थांबतात. तिथे आवाजच कामाला येतो.

तुम्ही काय करायचं?

तपासणीला सोबत जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

- आधी चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना सांगा. नेहमीचं गणित तिथे चुकू शकतं.
- पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात सिलिकॉन तेल भरलं असेल, तर तेही सांगा. तेलात आवाज हळू जातो, त्यामुळे डोळा आहे त्यापेक्षा लांब दिसतो.
- कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असतील, तर त्या किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारा.
- एकाच डोळ्याचं ऑपरेशन असलं तरी दोन्ही डोळे मोजले का, ते विचारा. दोन्हींत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर पुन्हा मोजून खात्री करतात.
- तपासणीचा कागद जपून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी उपयोगी पडतो.

लेन्सची कंपनी विचारा, किंमतही विचारा, पण ‘डॉक्टर, माप कसं घेतलं?’ हेही विचाराच. ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत उरकतं, पण त्या लेन्समधून आजी पुढची कित्येक वर्षं पेपर वाचणार असते.

ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलंय, त्यांना हा एपिसोड नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!