लोकांचे काम – भाग ६ : मेंढ्याची ग्रामसभा आणि बाहेरचे मित्र

गेल्या आठवड्यात आपण पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेची माहिती घेतली. २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ती सुरू झाली आणि गावांना तिथे सगळ्यांत आधी मिळाले ते प्रशिक्षण. श्रमदान गावाचे, पाणी गावाचे. पण स्पर्धा संपते, बक्षीस समारंभ होतो, त्यानंतर काय? बाहेरून मदत करणाऱ्या माणसाने किंवा संस्थेने गावात किती काळ राहायचे, काय करायचे आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही? या प्रश्नाचा महाराष्ट्रात सर्वांत खोलवर विचार केला तो माझ्या मते गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा या गावाने. म्हणून हा सबंध भाग त्या एका गावासाठी ठेवला आहे.

मेंढा धानोरा तालुक्यात येते. गोंड आदिवासींची वस्ती, घरे शंभराच्या आसपास, भोवती सागवान आणि बांबूचे जंगल. कागदोपत्री नाव मेंढा (लेखा), कारण गटग्रामपंचायत शेजारच्या लेखा गावाची. गटग्रामपंचायतीत अनेक गावे येतात. तिची ग्रामसभा भरते तेव्हा लांबच्या गावातली माणसे येत नाहीत, आली तरी बोलत नाहीत, आणि ठराव चारदोन जणांच्या सह्यांनी होतात. मेंढ्याने पंचायतीच्या त्या सभेची वाट पाहिली नाही. एका वस्तीत रोज एकमेकांसोबत राहणारी सगळी मोठी माणसे, बाया आणि पुरुष, हीच आमची ग्रामसभा, असे ठरवून त्यांनी ती भरवायला सुरुवात केली. आदिवासी भागातल्या वस्तीच्या ग्रामसभेला मान्यता देणारा पेसा कायदा १९९६ चा आहे. गावाचे काम त्याच्या कितीतरी आधीचे.

त्याची मुळे ऐंशीच्या दशकात आहेत. इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम इथे मोठी धरणे बांधायचे घाटत होते. त्यांत जंगल आणि आदिवासींची गावे बुडणार होती. त्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लाल श्यामशहा होते. धरणे मागे पडली, पण जंगल कोणाचे हा प्रश्न गावागावांत बोलला जाऊ लागला. मेंढ्याने आपले घोटुल पुन्हा बांधायला घेतले. घोटुल म्हणजे गोंड गावातली तरुणांची, सगळ्या गावाची एकत्र येण्याची जागा. जंगलातले लाकूड वापरले म्हणून वनखात्याने ते मोडून नेले. गावाने ते परत उभे केले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा आज महाराष्ट्रभर ऐकू येते, ती या मातीतून आली.

याच काळात मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्याशी जोडले गेले. जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत घडलेला, सर्वोदयी विचारांचा हा कार्यकर्ता. 'वृक्षमित्र' या संस्थेतर्फे लोकसहभागाचा अभ्यास करायला ते आले आणि पुढची काही दशके गावाशी बांधलेले राहिले. २०२५ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. गावाच्या बाजूने या कामात पुढे असलेल्या देवाजी तोफा यांचे नाव अनेकांना माहीत आहे. मेंढ्याची गोष्ट मराठी वाचकांपर्यंत पोचवली ती मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावची' या पुस्तकाने. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

मोहनभाई स्वतःला गावाचा 'सहयोगी मित्र' म्हणवून घेत. नेता नाही, संचालक नाही. या भूमिकेला त्यांनी आणि गावाने मिळून एक ठोस चौकट दिली, ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

गावात दोन वेगळ्या बैठका होतात. एक अभ्यास गटाची, दुसरी ग्रामसभेची. अभ्यास गटात कोणीही येऊ शकते : गावकरी, बाहेरचा कार्यकर्ता, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, वकील, एखादा जिज्ञासू अधिकारी. विषय जंगलाचा असेल, मधाचा असेल, जमिनीच्या कागदांचा असेल किंवा नव्या कायद्याचा. तिथे वाचायचे, विचारायचे, मोजायचे, वाद घालायचा. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, आणि ग्रामसभेत बाहेरच्या माणसाचे मत धरले जात नाही, मग तो कितीही शिकलेला असो आणि गावासाठी त्याने कितीही खस्ता खाल्लेल्या असोत. माहिती देणाऱ्याच्या हाती निर्णय नाही आणि निर्णय घेणारा माहितीवाचून नाही. मधाचेच घ्या. पूर्वी मध काढायचा म्हणजे मोहोळ जाळायचे, माश्या मारायच्या. अभ्यास गटात यावर विचार झाला. पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, अंडी-पिल्लांचा भाग तसाच राहू द्यायचा, म्हणजे माश्या टिकतात आणि मध पुन्हा भरतो, हे लोक शिकले. बाहेरच्याने येऊन 'माश्या मारू नका' असा फलक लावला असता तर तो एका पावसाळ्यात कुजून गेला असता.

दुसरा नियम आणखी अवघड. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. पुन्हा बोलणे होते, गरज पडली तर पुन्हा अभ्यास होतो. शहरातल्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटेल. आमच्या सोसायटीत असे केले तर लिफ्टची दुरुस्तीही होणार नाही, असे कोणी म्हणेल. पण इथला विषय जंगल राखण्याचा होता. साठ विरुद्ध चाळीस मतांनी कुऱ्हाडबंदी झाली, तर ती चाळीस माणसे रात्री कुऱ्हाड घेऊन जाणार, आणि साठ जणांनी त्यांच्यावर पहारा ठेवायचा म्हटले तर गावच उभे फाटणार. सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या नियमाला पहारेकरी कमी लागतो. गावाच्या परवानगीशिवाय बाहेरच्याने जंगलात काम करायचे नाही, आपणही गरजेपुरतेच तोडायचे, मजुरीतला दहावा हिस्सा गावाच्या कोशात टाकायचा : असे नियम वर्षानुवर्षे टिकले ते यामुळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कागद कारखान्यासाठी होणारी बांबूतोड गावाने थांबवली, तीही याच एकीवर.

इथे एक सावधगिरीचा इशारा द्यायला हवा. मेंढा जवळपास एकाच समाजाचे गाव आहे. जिथे जातीची उतरंड आहे, सावकार आणि कूळ एकाच सभेत बसतात, तिथे सर्वसहमतीच्या नावाखाली दुबळ्याला गप्प केले जाऊ शकते. हात वर न करणारा माणूस संमत आहे की घाबरलेला आहे, हे तपासावेच लागते. म्हणून मेंढ्याची रीत जशीच्या तशी उचलून कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या गावात लावता येईल, असे मी म्हणणार नाही. पण अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवण्याची रीत कुठेही चालेल, अगदी पुण्या-मुंबईच्या वस्तीतही.

आता बांबूकडे येऊ, कारण मदत म्हणजे काय याचा खरा कस तिथे लागला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून असलेल्या गावांचा सामूहिक हक्क मान्य केला. दाव्याची वाट अशी : ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, समिती पुरावे गोळा करते, हद्द फिरून नकाशा करते, ग्रामसभा ठराव करते, मग दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात जुने निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची नोंद), नकाशे, वडीलधाऱ्यांचे जबाब, शेजारच्या गावांची हद्दीबद्दल संमती असे सगळे जमवावे लागते. वर्षानुवर्षे कागद वाचायची सवय झालेल्या मेंढ्याने ते जमवले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

हक्काचा कागद हाती आला, पण बांबू जंगलाबाहेर जाईना. वनोपज वाहून न्यायला वाहतूक परवाना लागतो. तो तेव्हा देणार वनखाते. खात्याचे म्हणणे, १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू हे झाड आहे, म्हणून ते इमारती लाकडात येते आणि त्यावर गावाचा हक्क नाही. गावाचे म्हणणे, २००६ च्या कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या दिली आहे आणि तिच्यात बांबू स्पष्ट शब्दांत आहे. गाव बांबू विकायला तयार, घेणारा तयार, आणि परवाना नाही. हा वाद वर्षाहून अधिक काळ चालला. गावाने कलम दाखवले, पत्रे लिहिली, पुन्हा लिहिली. गावाच्या मागे उभ्या राहिलेल्या मित्रांनी तो वाद मुंबई-दिल्लीपर्यंत पोचवला. २१ मार्च २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानावा असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या हाती दिले. परवाना आता ग्रामसभा फाडणार होती. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, वनहक्काच्या नियमांतच दुरुस्ती झाली आणि तो अधिकार सगळ्याच ग्रामसभांकडे आला.

पहिल्या मोठ्या हंगामात बांबूतून गावाकडे आलेली रक्कम कोटीच्या घरात होती. हे कोणत्या अनुदानाचे पैसे नव्हते. आपल्या जंगलातला पक्का बांबू निवडून तोडायचा, बेटातले कोवळे वास्ते आणि नवी काठी राखायची, हे पथ्य पाळून गावाने केलेली ती कमाई होती. पुढे २०१३ मध्ये मेंढ्याने महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामदानही स्वीकारले. जमीन कसणारा कसत राहील, पण ती गावाबाहेर विकली जाणार नाही, हा त्याचा गाभा. विनोबा भावे यांच्या ग्रामदान चळवळीनंतर इतक्या वर्षांनी एका गावाने एकमताने ही वाट धरली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

या साऱ्या वाटचालीत बाहेरच्या मित्रांनी काय दिले ते पाहा. कायद्याची प्रत आणून दिली, ती वाचायला सोबत बसले. नकाशा करायला शिकवले. अर्ज फेटाळला गेला तेव्हा तो कोणत्या कलमाखाली फेटाळला हे विचारायला शिकवले. वर्तमानपत्रे, तज्ज्ञ, मंत्री यांच्यापर्यंत गावाचा आवाज नेला. आणि वर्षामागून वर्षे येत राहिले. यातले काहीही उद्घाटनाच्या फलकावर लिहिता येत नाही. त्यामुळे यासाठी पैसा मिळणे फार कठीण असते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामाला द्यावा लागतो. तो पैसा गावापर्यंत येतो बहुधा बांधकामाच्या रूपाने : सभागृह, सौरदिवे, पाण्याची टाकी. मार्च संपण्याआधी खर्च दिसायला हवा असतो. आठ महिने चालणाऱ्या अभ्यास गटाला, तालुक्याला खेटे घालणाऱ्या तरुणाच्या प्रवासखर्चाला, ग्रामसभेच्या हिशेबनिसाच्या मानधनाला देणगीदार क्वचित मिळतो. टाकी गावात उभी राहते आणि दोन वर्षांनी तिचा पंप बंद पडला की तो कोणी दुरुस्त करायचा हे कोणालाच ठाऊक नसते, कारण ती बांधायची हे गावाने ठरवलेलेच नव्हते. असा पैसा वाया जातो, एवढेच नव्हे, तो गावाची ठरवण्याची सवयही मोडतो.

ही गरज आज मेंढ्यापुरती उरलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावासारख्या गावांनी बांबूवर आपला संसार उभा केला आहे. अनेक ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करतात. त्यात काही ठिकाणी ठेकेदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारी आल्या आहेत. करारनामा कसा लिहायचा, अनामत किती घ्यायची, पॅन काढून विवरणपत्र कसे भरायचे, व्यवस्थापन आराखडा कसा करायचा : या सगळ्यात ग्रामसभांना जाणकार माणसे हवी आहेत. सनदी लेखापाल, वकील, वनशास्त्राचे विद्यार्थी, निवृत्त बँक कर्मचारी यांनी महिन्यातले दोन दिवस दिले तरी मोठे काम होईल. अट एवढीच, की हिशेब शिकवून यायचे, हिशेबाची वही आपल्या हातात ठेवायची नाही.

पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात किंवा परदेशात राहणाऱ्या आणि 'गावासाठी काहीतरी करायचे आहे' असे म्हणणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. देणगीचा चेक लिहिण्याआधी आपल्या गावची ग्रामसभा कशी चालते ते एकदा जाऊन पाहा. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ती भरवण्याची पद्धत आहे. मागे बसा, ऐका. कोण बोलते, कोण बोलत नाही, बाया किती आल्या आहेत, ठराव वाचून दाखवला जातो की फक्त सह्या घेतल्या जातात, हे टिपून ठेवा. नंतर चार माणसांना विचारा की तुम्हाला काय शिकून घ्यायचे आहे. जे उत्तर येईल त्यासाठी खर्च करा, आणि पुढच्या वर्षीही त्या सभेला जा.

(पुढील आठवड्यात : पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली कामे)