एक किनेसिन, अनेक डायनिन : पेशीतील वाहतुकीचे मुंबईत उलगडलेले रहस्य

बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातील काही जिल्ह्यांनी ज्या काळ्या आजाराची दहशत पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली, त्याचा परजीवी मानवी शरीरात एका विलक्षण ठिकाणी राहतो. वाळूमाशीच्या दंशातून आत शिरलेला ‘लीशमॅनिया डोनोव्हानी’ हा एकपेशीय जीव भक्षकपेशीच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. रोगजंतूंना गिळून नष्ट करणे हेच या पेशीचे काम आहे. चोराने पोलीस चौकीतच मुक्काम ठोकावा, असा हा प्रकार आहे. हे त्याला कसे साधते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतील प्रयोगशाळेत सापडला. विशेष म्हणजे तो औषधशास्त्राच्या वाटेने आलेला नाही. पेशीच्या आत ओझी कशी वाहिली जातात, या वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या कुतूहलातून तो हाती आला.

भक्षकपेशी जंतूला गिळते तेव्हा तिच्या बाह्य पटलाचा एक तुकडा जंतूभोवती लपेटला जाऊन आत ओढला जातो. पटलाच्या या पिशवीला ‘फॅगोसोम’ म्हणतात. परंतु केवळ पिशवीत कोंडल्याने जंतू मरत नाही. पेशीच्या मध्यभागी, केंद्रकाच्या आसपास, पाचक रसांनी भरलेल्या ‘लायसोसोम’ नावाच्या पिशव्या असतात. फॅगोसोम तिथवर पोहोचून त्यांच्याशी एकजीव झाला, तरच जंतूचे विघटन होते. हे अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असते. तरीही रेणूंच्या दाट गर्दीतून सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाची ही मोट आपोआप तरंगत तिथे जाईल, अशी आशा करण्यात अर्थ नाही. तिला कोणीतरी ओढून न्यावे लागते.

ओढणारे हमाल म्हणजे ‘मोटर प्रथिने’. पेशीत सूक्ष्मनलिकांचे जाळे पसरलेले असते. प्रत्येक नलिकेचा व्यास सुमारे 25 नॅनोमीटर असतो. या रुळांवरून मोटर प्रथिने अक्षरशः पावले टाकत चालतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूपासून मिळवतात. 1985 मध्ये समुद्री स्क्विडच्या चेतातंतूंवर काम करताना रोनाल्ड वेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ यांनी ‘किनेसिन’ हे असे प्रथिन वेगळे केले. त्याचे प्रत्येक पाऊल 8 नॅनोमीटरचे असते. सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर या वेगाने जायचे, तर त्याला तेवढ्या वेळात सव्वाशे पावले टाकावी लागतात. किनेसिन बहुधा पेशीच्या मध्यापासून काठाकडे निघते. उलट दिशेने, काठापासून मध्याकडे, ओझे आणण्याचे काम ‘डायनिन’ करते. म्हणजे फॅगोसोमला लायसोसोमकडे नेण्याची जबाबदारी डायनिनची.

येथवरचे ज्ञान पाठ्यपुस्तकात आहे. रूप मल्लिक यांच्या संशोधनाची सुरुवात यापुढच्या एका कोड्यापासून होते. मल्लिक मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पीएच.डी. करून ते अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेत गेले आणि तेथे जीवशास्त्राकडे वळले. 2006 मध्ये ते टाटा संस्थेतच परतले. पुढे त्यांनी मुंबईच्या आयआयटीत काम सुरू केले. त्यांना 2014 मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि 2018 मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

त्यांचे मुख्य साधन म्हणजे प्रकाशीय चिमटा. लेसरचा अत्यंत केंद्रित झोत एखादा सूक्ष्म कण पकडून ठेवू शकतो, या शोधासाठी आर्थर अ‍ॅश्किन यांना 2018 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कण झोतातून निसटू पाहतो तेव्हा किती जोर लावतो, हे या चिमट्याने मोजता येते. मोजमापाचे एकक असते पिकोन्यूटन. शंभर ग्रॅमचे वजन हातावर जेवढा दाब देते, त्याच्या साधारण एक लाख-कोटीव्या भागाएवढे हे बल आहे. जिवंत पेशीत जंतूला असे पकडणे अवघड म्हणून मल्लिक यांच्या गटाने एक साधी युक्ती वापरली. उंदराच्या भक्षकपेशींना त्यांनी लॅटेक्सचे सूक्ष्म मणी खाऊ घातले. पेशीला मणी आणि जंतू यांतला फरक कळत नाही. ती मणीही गिळते, त्याभोवती फॅगोसोम तयार करते आणि त्याला ओढू लागते. मण्यावर मात्र लेसरची पकड उत्तम बसते.

मोजमापांतून दिसलेले चित्र चकित करणारे होते. एकटे किनेसिन पाच-सहा पिकोन्यूटनचा जोर लावते, तर एकट्या डायनिनचा जोर जेमतेम एक पिकोन्यूटनच्या आसपास भरतो. शिवाय ते रुळावरून सहज सुटते. मग हे अशक्त प्रथिन एवढे मोठे ओझे ओढते कसे? 2009 मध्ये या गटाने डिक्टिओस्टेलियम या मृदेतील जीवाच्या पेशींतील वाहतूक तपासली. एकाच पिशवीवर दोन्ही प्रकारची प्रथिने असली, की त्यांच्यात चक्क रस्सीखेच होते आणि ती एकास चार ते आठ अशी असते, असे त्यांना आढळले. एका बाजूला एक तगडे किनेसिन, दुसऱ्या बाजूला चार ते आठ डायनिन. या ओढाताणीत कधी कधी पिशवी ताणली जाऊन तिचे दोन तुकडे होतात. पेशी या तुकड्यांचाही उपयोग करून घेते.

परंतु संख्या वाढली म्हणून शक्ती वाढेलच, असे नाही. रस्सीखेचीत सगळ्यांनी एकाच वेळी जोर लावला नाही, तर दहा माणसेही हरतात. 2013 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे उत्तर मिळाले. किनेसिनचे पाऊल ठरलेल्या लांबीचे असते. डायनिनचे मात्र लवचीक. मोकळेपणी चालताना ते लांब ढांगा टाकते आणि भार वाढला की पावले आखडते. त्यामुळे संघातले पुढचे डायनिन, ज्यावर सर्वाधिक भार पडतो, ते हळू होते. मागचे झपाझप पावले टाकून त्याला गाठते. सारे एकत्र येतात आणि भार वाटला जातो. शिवाय ताण एका मर्यादेपलीकडे गेला, की डायनिन सुटण्याऐवजी रुळाला अधिक घट्ट धरून ठेवते. किनेसिनला हे जमत नाही. एकेकटे दुबळे असलेले प्रथिन समूहात बलवान ठरते ते असे.

या टप्प्यावर पटलाचा प्रश्न पुढे आला आणि माझ्या मते या संशोधनाचा सर्वांत सुंदर भाग हाच आहे. फॅगोसोम नुकताच तयार झालेला असताना पुढे-मागे हेलकावे खात राहतो. काही काळाने तो ‘पक्व’ होतो आणि मग एकाच दिशेने, लायसोसोमकडे, वेगाने निघतो. या अवधीत नेमके काय बदलते? यात्रेतील रथाची कल्पना करावी. रथाच्या चहूबाजूंना पन्नास माणसे लोंबकळत असली तरी रथ जागचा हलत नाही; दोर पुढे असतो आणि हात दोरापर्यंत पोहोचावे लागतात. फॅगोसोम गोल आणि सूक्ष्मनलिका ही बारीक रेघ. डायनिन गोलाच्या पृष्ठभागावर विखुरलेले असतील, तर त्यांपैकी एखाद-दुसरेच रुळाला स्पर्श करू शकते.

2016 मध्ये याच गटाने दाखवून दिले, की फॅगोसोम पक्व होत असताना त्याच्या पटलावर कोलेस्टेरॉलने समृद्ध असे छोटे-छोटे भाग तयार होतात आणि डायनिन त्या भागांत पुंजक्याने गोळा होतात. विखुरलेली माणसे दोराजवळ जमा झाली. आता एका पुंजक्यातील अनेक डायनिन एकाच नलिकेवर एकाच वेळी जोर लावतात. पटल म्हणजे केवळ वेष्टन, ही आपली शालेय समजूत येथे तोकडी पडते. येथे ओढणारे हात कुठे उभे राहतील, हे पटलाची घडण ठरवते.

लीशमॅनियाने नेमकी हीच जागा हेरली आहे. त्याच्या पृष्ठभागावर लायपोफॉस्फोग्लायकन नावाच्या रेणूचे दाट आवरण असते. या रेणूमुळे डायनिनचे पुंजके विस्कळीत होतात आणि फॅगोसोमची गती खुंटते, असे प्रयोगांत दिसले. डायनिन नष्ट होत नाही. त्याची जमवाजमव तेवढी मोडते. लायसोसोमशी मिलन लांबल्याने परजीवीला अवधी मिळतो आणि तेवढ्यात तो आम्लातही तग धरणारे रूप धारण करतो. फॅगोसोमच्या पटलावरील मेदांच्या रचनेला लक्ष्य करणारे इतरही रोगजंतू आहेत. त्यामुळे या निष्कर्षाचे महत्त्व एका आजारापुरते नाही.

याच गटाच्या कामाची दुसरी शाखा यकृताकडे जाते. उपवासाच्या काळात शरीरातील चरबीचे विघटन होऊन मेदाम्ले यकृताकडे लोटतात आणि तेथे मेदाचे थेंब साठतात. तरीही रक्तातील ट्रायग्लिसराइडचे प्रमाण भडकत नाही. 2017 मध्ये, पुण्याच्या आयसर संस्थेतील शास्त्रज्ञाच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात, उंदरांच्या यकृतातील मेदथेंब तपासले गेले. पोट भरलेले असताना या थेंबांवर किनेसिन असते. ते थेंबांना पेशीच्या काठाजवळील पटलजाळ्याकडे नेते आणि तेथून मेद रक्तात सोडला जातो. उपवासात किनेसिन थेंबांवरून कमी होते, वाहतूक थंडावते आणि मेद यकृतातच राहतो. 2019 मधील पुढच्या संशोधनाने यामागचा आदेश कोणाचा, तेही दाखवले. जेवणानंतर वाढलेल्या इन्सुलिनमुळे थेंबाच्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिक आम्ल तयार होते आणि तेच किनेसिनला बोलावून घेते. येथेही आदेश अमलात येतो तो पटलातील एका मेदरेणूमार्फत.

रक्तातील मेद कमी करण्यासाठी किनेसिनच बंद करता येईल, असे यावरून वाटू शकते. परंतु चेतापेशींसह शरीरातील असंख्य पेशी त्याच्यावर विसंबून आहेत. बंद करायचे तर त्याचे मेदथेंबाशी असलेले नाते तेवढेच तोडावे लागेल. शिवाय बाहेर न पडलेला मेद यकृतातच साचत जाणार नाही, हेही पाहावे लागेल. थेंबाच्या पटलावर किनेसिन कुठे आणि कशाला चिकटते, याचा बारकाईने शोध घेण्याचे कारण हेच आहे.