मोडाची गोडी

ये बाळा, बस. म्युनिकच्या घरी बिअर करतोस आणि कडू कमी, माल्टची गोडी जास्त कशी आणू म्हणून मला विचारतोस? विचार. मात्र इथं छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात असला घाट घालू नकोस. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय बिअर करता येत नाही. गोष्टीला परवाना लागत नाही, म्हणून सांगतो.

जवाचा दाणा म्हणजे झोपलेलं रोप आणि त्याच्या उशाशी बांधलेली शिदोरी. शिदोरी पिष्टाची, कोंबाला ती तशीच खाता येत नाही. दाणा भिजला की अंकुर जागा होतो आणि जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते सालीखालच्या पातळ थराला पोचलं, की तो थर विकरं बनवायला घेतो. विकरं पिष्ट तोडतात आणि माल्टोज साखर होते. पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी 1833 मध्ये मोड आलेल्या जवातून ही विकरं वेगळी काढली होती. माणूस इथं लबाडी करतो. कोंब फुटताच दाणे गरम हवेत वाळवतो. कोंब मरतो, विकरं टिकतात. ते माल्ट.

पटत नाही? तांदळाच्या पिठाची घट्ट पेज कर, पळी उभी राहील अशी. कोमट झाली की चमचाभर नाचणीसत्त्व घाल, पण मोड आणून सावलीत वाळवलेलं, न भाजलेलं. भाजलं की विकरं मेली. आता ढवळत राहा. बघता बघता पेज सैल पडते आणि पळीवरून धार लागते. पाणी थेंबभर घातलेलं नाही!

तुझ्या बिअरची गोडीही इथंच ठरते. विकरं मुख्यतः दोन. बीटा अमायलेज पिष्टाच्या लांब साखळीच्या टोकाकडून साखरेचे दोन-दोन रेणू तोडतं आणि 60 ते 65 अंशांत खुशीत असतं. अल्फा अमायलेज मधूनच कुठंही तोडतं, त्याला 70 च्या आसपास मानवतं. तू माल्ट 68 अंशांवर भिजवलंस, तर बीटा लवकर थकतं आणि यीस्टला न खाता येणाऱ्या लांब साखळ्या उरतात. त्यानं बिअरला भरीवपणा येतो. खरपूस चव हवी तर जास्त तापवून वाळवलेलं म्युनिक माल्ट घे, ते तर तुझ्या गावचंच.

कडूपणा हॉप्सचा. हॉप्स भांगेच्या कुळातला वेल, बरं का! त्याच्या फुलातली आम्लं माल्टचा रस उकळताना रूप बदलतात आणि कडू होतात. पण तीच आंबट करणाऱ्या जिवाणूंना अडवतात. हॉप्स कमी केलेस, तर पहारेकरी कमी केलास. तेव्हा भांडी, नळ्या, बाटल्या निर्जंतुक कर, हयगय नको.

उपद्रवी रानटी यीस्टही असतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि कंपनीनं ते इतरांनाही दिलं. याच कार्ल्सबर्गचा कारखाना आज आपल्या शहरात आहे. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी कमी करायला लावलं होतं. तुझ्या आजीला ते दिवस अजून आठवतात. आत गेलास की तिच्यापुढे बिअरचं नाव काढू नकोस.