गोष्टीची वेळ आणि मुलांचें शील

मुलांच्या अंगीं जबाबदारीची जाणीव व सच्छील कसें आणावें, हा प्रश्न सर्व आईबापांस आणि शिक्षकांस पडतो. उपदेश करावा, तर तो एका कानानें आंत शिरून दुसऱ्या कानानें बाहेर जातो. शिक्षा करावी, तर मूल शिक्षेस भितें. चुकीस भीत नाहीं. या दोहोंहून निराळा असा एक जुना मार्ग आहे, आणि तो म्हणजे गोष्ट. रात्रीं निजण्यापूर्वीं अर्धी घटका जी गोष्ट मुलास सांगितली जाते, तिच्या योगें त्याचें शील कसें घडतें व ती सांगतांना वडील माणसांनीं कोणती सावधगिरी ठेवावी, याचा थोडक्यांत विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा मार्ग आपल्या देशांत पुरातन आहे. पंचतंत्राच्या आरंभीं असें सांगितलें आहे कीं, महिलारोप्य नगराच्या अमरशक्ति राजाचे तीन पुत्र विद्येविषयीं अगदीं उदासीन होते. विष्णुशर्मा नांवाच्या वृद्ध पंडितानें त्यांस सहा महिन्यांत नीतिशास्त्रांत निपुण करण्याचें पत्करिलें. आणि त्याकरितां जाडे ग्रंथ पुढें न मांडितां पांच तंत्रांत गुंफिलेल्या गोष्टी सांगितल्या. ह्याच गोष्टी सहाव्या शतकांत इराणांत पहलवी भाषेंत व आठव्या शतकांत अरबी भाषेंत गेल्या. मराठींतही मुद्रणाच्या आरंभकाळींच मुलांकरितां गोष्टींचीं पुस्तकें निघालीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें 'बाळमित्र' हें पुस्तक १८२८ सालीं प्रसिद्ध झालें.

गोष्टीच्या अंगीं हें सामर्थ्य येतें तरी कोठून? 'तूं आळशी आहेस' असें म्हटलें कीं मूल तत्काळ आपला बचाव करूं लागतें. गोष्टींतील दोष मात्र कोल्ह्याचा, राजाचा किंवा परक्या मुलाचा असतो. म्हणून मूल निर्भयपणें त्याकडे पाहतें व न्याय करितें. जो न्याय त्यानें दुसऱ्याविषयीं केला, तोच पुढें केव्हांतरी त्यास स्वतःला लावावा लागतो. वेताळपंचविशींत हेंच मर्म आहे. तेथें गोष्ट संपली कीं वेताळ प्रश्न विचारतो, आणि उत्तर ठाऊक असून राजा मुकाट्यानें बसला, तर त्याच्या मस्तकाचीं शकलें व्हावयाचीं असतात. निवाडा सांगणाऱ्यानें करावयाचा नाहीं. तो ऐकणाऱ्यानें करावयाचा आहे.

उदाहरणार्थ, पंचतंत्रांतील ब्राह्मणी व मुंगूस यांची गोष्ट घेऊं. ब्राह्मणी पाण्यास जातांना तान्ह्या मुलाकडे लक्ष ठेवण्यास नवऱ्यास सांगून जाते. तो भिक्षेच्या आशेनें घर सोडून निघून जातो. इतक्यांत मुलाजवळ साप येतो. घरांत पाळलेलें मुंगूस त्यास मारितें आणि रक्तानें माखलेल्या तोंडानें मालकिणीस सामोरें जातें. यानें मुलासच मारिलें असें समजून ती पाण्याची घागर त्याच्या अंगावर टाकिते. आंत जाऊन पाहते, तों मूल सुखरूप! येथें 'अविचार करूं नये' एवढें म्हणून सांगणारा थांबला, तर अर्धी गोष्ट वायां गेली. त्याऐवजीं विचारावें, 'मुंगूस मेलें, हा दोष कोणाचा?' पुष्कळ मुलें प्रथम आईकडे बोट दाखवितील. थोड्या वेळानें एकादें मूल म्हणेल, 'पण बाबांना लक्ष ठेवायला सांगितलें होतें ना?' हाच तो मोलाचा क्षण होय. ज्यानें कोणास दुखविलें नाहीं, त्याच्याही माथीं दोष येतो, कारण पत्करलेलें काम टाकून तो गेला, हें मुलास स्वतःच्या विचारानें कळलें. जबाबदारी या शब्दाचा याहून स्पष्ट अर्थ कोणत्याही कोशांत सांपडणार नाहीं.

याहून लहान मुलांकरितां आपली चिऊकाऊची गोष्ट पुरेशी आहे. शेणाचें घर वाहून गेलेला कावळा पावसांत भिजत उभा असतो, आणि मेणाच्या घरांतील चिमणी बाळाचीं कामें सांगून त्यास थांबवीत राहते. आपण ही गोष्ट हंसत सांगतों. परंतु 'तूं दार केव्हां उघडलें असतेंस?' असें मुलास विचारून पाहावें. कोणी कावळ्याची कींव करील. कोणी म्हणेल, आधीं बाळाला सांभाळलें पाहिजे. दोन्ही उत्तरें विचार करण्याजोगीं आहेत. घरच्यांविषयींचें कर्तव्य व दाराशीं आलेल्याविषयींचें कर्तव्य यांचा मेळ घालणें थोरांसही सोपें नसतें.

आतां सावधगिरीविषयीं. पहिली ही कीं, गोष्टीच्या शेवटीं 'पाहा, तूंही असाच आहेस' असें म्हणूं नये. तसें म्हणतांच गोष्टीची छडी होते, आणि दुसऱ्या दिवशीं मूल गोष्ट मागेनासें होतें. भावनगर येथें बालशिक्षणाचे थोर प्रयोग करणारे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांचाही आग्रह असा होता कीं, गोष्टीनें प्रथम आनंद द्यावा. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकांतील शिक्षक दंगा करणाऱ्या वर्गास छडीनें नव्हे, तर गोष्टीनेंच आपलेसें करितो.

दुसरी गोष्ट अशी कीं, विचारास कृतीची जोड हवी. मुलावर एक लहानसें, परंतु खरें काम सोंपवावें : तुळशीस पाणी घालणें, धाकट्या भावंडाचें दप्तर भरणें, पिण्याचें पाणी भरून ठेवणें. काम विसरलें, तर तें आपण गुपचूप उरकूं नये. वाळलेलें रोप मुलास दिसूं द्यावें.

तिसरी व सर्वांत कठीण गोष्ट सांगणाऱ्याच्या वर्तनाची. सत्यवचनाची कथा सांगून दाराशीं आलेल्यास 'बाबा घरीं नाहींत' असा निरोप मुलाच्या तोंडून पाठविला, तर मूल निरोपावरूनच शिकेल. 'आज रात्रीं गोष्ट सांगेन' हेंही एक वचनच आहे, हें विसरतां कामा नये.

आजकाल कित्येक घरांत गोष्ट सांगण्याचें काम मोबाईलच्या पडद्याकडे गेलें आहे. पडद्यावरील चित्रें मनोहर असतात. पण मुलानें मध्येंच 'असें कां?' म्हटलें, तर तीं त्याच्या तोंडाकडे पाहून थांबत नाहींत. तें काम घरच्या माणसाचेंच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, हें सर्व केवळ आईबापांकरितां लिहिलें आहे असें समजूं नका. ज्याच्या घरीं धाकटें भावंड आहे, त्यानें आज रात्रीं त्यास एक गोष्ट सांगावी व शेवटीं एक प्रश्न विचारावा. उत्तराची घाई करूं नये. भावंड विचार करीत असतां सांगणाऱ्यासही आपलें उत्तर शोधावें लागेल, आणि त्यांतच त्याचा मोठा लाभ आहे.