तिसरे चाक पुढे की मागे?

खडबडीत अंगणात चार पायांची खुर्ची डुगडुगते, तिवई मात्र गुपचूप उभी राहते. तीन टेकू कसल्याही जमिनीवर बसतात, हे भूमितीतच आहे. मग तीन चाकांची गाडी वळणावर का कलंडते? हा प्रश्न वर्गातील मुले आम्हाला हमखास विचारतात. विचारावाच असा तो प्रश्न आहे, कारण त्यांच्यातील निम्मी मुले रिक्षानेच शाळेत येतात.

मोटारीचा जन्मच मुळी तीन चाकांवर झाला. जर्मनीतील मानहाइम शहराच्या कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या गाडीला पुढे एकच चाक होते. वळताना पुढची दोन चाके थोड्या वेगवेगळ्या कोनांत फिरावी लागतात. ती करामत मनासारखी जमेना, म्हणून त्यांनी एकावरच भागवले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन याच प्रकारच्या गाडीतून माहेरी निघाल्या. रस्ता शंभर किलोमीटरच्या आसपास. इंधनाची नळी तुंबली तेव्हा बाईंनी टोपीची पिन काढून ती साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना कातडे लावून घेतले. इंधन मिळाले ते एका औषधाच्या दुकानात! मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका आईने केला, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत कुठे दिसत नाही.

पुढे तीन चाके टिकली ती मात्र पैशाच्या हिशेबावर. इंग्लंडमध्ये ठरावीक वजनाच्या आतील तीनचाकीला मोटारसायकलइतकाच कर बसे आणि मोटारसायकलच्याच परवान्यावर ती चालवता येई. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत कष्टकरी कुटुंबांना ही सोय मोठी होती. १९४९ मध्ये निघालेल्या बॉन्ड मिनीकारचे इंजिन चक्क पुढच्या चाकावरच बसवलेले होते आणि चाकाबरोबर वळत असे. नंतरच्या बॉन्डचे चाक तर इतके वळे की गाडी जागच्या जागी फिरावी. आइल ऑफ मॅनवर १९६२ पासून बनलेली पील पी-५० जेमतेम १३७ सेंटिमीटर लांब, तिला रिव्हर्स गिअरच नव्हता. मागे एक दांडी होती. चालकाने उतरावे, दांडी धरून गाडी उचलावी आणि ओढत न्यावी.

जर्मनीत युद्धानंतर विमाने बनवायला बंदी आली, तेव्हा मेसरश्मिट या विमान कंपनीने तीनचाकी काढली. तिच्यात एकामागे एक बसायचे आणि डोक्यावर काचेचा घुमट. १९५५ च्या केआर-२०० मॉडेलला मागे न्यायचे तर इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करावे लागे. म्हणजे मागे जाण्यासाठीही चारच्या चार गिअर हजर! इतका वेग उलटा घेऊन कोणी कुठे जाणार होते, कोण जाणे.

आता कलंडण्याचे बघू. तीन चाके जोडणाऱ्या रेषा मनात काढा, त्रिकोण तयार होतो. गाडीच्या वजनाचा रोख या त्रिकोणाच्या आत आहे तोवर ती उभी राहते. पुढे एकच चाक असेल तर त्रिकोणाचे टोक पुढे येते. वळणावर ब्रेक दाबला की वजन पुढे आणि बाहेर ढकलले जाते, नेमके अरुंद टोकाकडे. याच कारणाने इंग्लंडची १९७३ ची रिलायंट रॉबिन बदनाम झाली. एका टीव्ही कार्यक्रमात तर ती दर वळणावर उलटताना दाखवली. लोक पोट धरून हसले. पण उलटावी म्हणून तिच्यात मुद्दाम फेरफार केले होते, हे सूत्रसंचालकानेच नंतर कबूल केले. बिचाऱ्या गाडीवर जास्तीचा आळ आला.

मॉर्गन कंपनीने १९०९ पासूनच उलटा मार्ग धरला: पुढे दोन, मागे एक. ब्रेक लागला की वजन रुंद बाजूला जाते आणि गाडी ठाम राहते. आजही ही कंपनी तीनचाकी बनवते ती अशीच.

आपली रिक्षा मात्र इटलीच्या १९४८ च्या ‘आपे’ची नात. पुढे एकच चाक. त्यामुळेच ती मोहल्ल्याच्या बोळात एका दमात वळते आणि मागे तिघांची बैठक आरामात मावते. जुन्या रिक्षांत इंजिन चालकाच्या आसनाखाली असे, नंतर ते मागे गेले; तेवढे वजन त्रिकोणाच्या रुंद बाजूला आले.

हा सगळा फायदा शाळेच्या फाटकासमोर एका मिनिटात वाया जातो. चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मूल बसवले की वजन अरुंद टोकाकडे सरकते. टपावर दप्तरांची चळत बांधली की ते वरही चढते, म्हणजे वळणावर कलंडायला आणखी सोपे. चालक भला माणूस असतो, बिस्मिल्लाह म्हणूनच गाडी काढतो. पण घर चालवायचे तर फेरीत मुले जास्त हवीत, हा त्याचा हिशेब आपण पालकच कमी पैसे देऊन ठरवतो. महिन्याचे थोडे जास्त देऊन मुले मागच्या आसनापुरतीच घ्यायला सांगता येते. दप्तरे टपावर न ठेवता पायांशी ठेवली तर त्याला काहीच खर्च नाही.