हिमफळी आणि तिचा पायबंद

पंचांग दरसाल नवे निघते. वेष्टनावरील गणपतीचे चित्र बदलते, संवत्सराचे नाव बदलते, कागदही कधी बरा तर कधी वाईट लागतो. परंतु सूर्यचंद्रांच्या गतीत आपण यंदा काही मौलिक सुधारणा घडवून आणली आहे, असा दावा कोणा पंचांगकर्त्याने केल्याचे ऐकिवात नाही. बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याची फळी, जिला जगभर स्नोबोर्ड म्हणतात, ती तयार करणाऱ्या कारखानदारांना हा संकोच ठाऊक नाही. त्यांची यादी दर हंगामाला नवी आणि तीतील फळी गतसालच्या फळीहून हलकी, चपळ व विश्वासू. आणि ही ग्वाही वर्षानुवर्षे वाचीत आलेल्या माणसाला साहजिकच कुतूहल वाटते की, दरसाल वजन घटत गेलेली ही फळी एव्हाना हवेत कशी उडून गेली नाही.

या व्यवसायातील सर्वांत परिचित नाव अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील बर्टन या कंपनीचे. तिचा ‘येणारा हंगाम’ म्हणजे काय हे समजण्यास आपल्याकडील दिवाळी अंकांचा शिरस्ता आठवावा. आश्विनात वाचकाच्या हाती पडणाऱ्या अंकाची पत्रे लेखकांना ज्येष्ठ-आषाढातच गेलेली असतात. तद्वत पुढच्या हिवाळ्याच्या फळ्या दुकानदारांना आधीच्या हिवाळ्यातच, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, व्यापारी प्रदर्शनांत आणि प्रत्यक्ष बर्फावर दाखविल्या जातात, त्यांच्या मागण्या नोंदवून घेतल्या जातात, आणि मग उन्हाळ्यात कारखाने त्या बेताने चालतात. हिवाळा हा दोन सालांच्या सरहद्दीवर बसलेला ऋतू असल्यामुळे मालाला नाव मिळते ते पुढच्या सालाचे. म्हणजे २०१७च्या शरदात दुकानात मांडलेली फळी ‘२०१८ची’ म्हणून विकली जाते. ज्या फळीला ग्राहक ‘नवी’ म्हणतो, ती आखणाऱ्याच्या दृष्टीने केव्हाच जुनी झालेली असते.

आता या नव्या यादीत खरोखर बदलते काय? बहुतांशी चित्र. फळीच्या पृष्ठभागावरील रंगकाम दर हंगामाला बदलावयाचेच, हा या धंद्याचा अलिखित कायदा आहे, आणि ते न बदलल्यास गतसालचा शिल्लक माल आणि यंदाचा माल यांत फरक तो कोणता, ही अडचण दुकानदारासमोर उभी राहील. बर्टनची ‘कस्टम’ नावाची फळी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून यादीत नांदते आहे. इतकी वर्षे टिकलेले नाव दरसाल मुळापासून पालटत असेल, असे समजण्याचे कारण नाही. म्हणून काटकसरी माणसाने वसंतात, भाव उतरल्यावर, गतसालची फळी घ्यावी आणि चित्राकडे दुर्लक्ष करावे, असे या लेखकाचे प्रांजळ मत आहे. हे मत कारखानदारांना रुचणार नाही.

परंतु सर्वच फेरफार रंगाचे नसतात. फळी वरवर दिसते तितकी साधी वस्तू नव्हे. तिच्या गाभ्यात पॉप्लरसारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या उभ्या चिकटवलेल्या असतात. वर-खाली काचतंतूंचे थर, क्वचित कार्बनतंतूंचे. कडेने पोलादाची धार. तळाशी पॉलिइथिलीनचा गुळगुळीत पत्रा. आणि हे सर्व राळेत भिजवून, साच्यात घालून, उष्णता व दाब देऊन एकजीव केलेले. काचतंतू दोन दिशांनी विणले तर फळी पिळास मऊ राहते, त्यात तिरकी वीण मिसळली तर ती कडक होते. तळपत्रा वितळवून काढला तर स्वस्त आणि दुरुस्तीस सोपा पडतो. भुकटी दाबून व भाजून केला तर मेण अधिक शोषतो आणि अधिक वेगाने धावतो. यादीत ज्याला भारदस्त नावे दिलेली असतात ते बहुधा या घटकांचेच नवे मिश्रण असते.

यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे फळीची कमान. जुनी फळी सपाट जमिनीवर ठेवली की तिचा मध्य धनुष्यासारखा किंचित उचललेला दिसे. माणूस वर उभा राहिला की ती कमान दबे आणि तिची ताकद दोन्ही टोकांकडे जाऊन पोलादी धार घट्ट बर्फात रुते. २००६च्या सुमारास लिब टेक या वॉशिंग्टन राज्यातील कारखान्याने हे उलटे करून पाहिले. त्यांनी फळीला पायांच्या मध्ये केळ्यासारखा खालच्या अंगाने बाक दिला आणि नावही तसेच ठेवले. अशी फळी भुसभुशीत बर्फात होडीसारखी वर राहते आणि नवशिक्याची धार अवचित अडकून तो तोंडघशी पडण्याचे प्रसंग कमी होतात. पण गोठून काच झालेल्या उतारावर तीच फळी निसटू पाहते. पुढली काही वर्षे सर्वांनाच या उलट्या बाकाचे वेड लागले, बर्टननेही ‘फ्लाइंग व्ही’ या नावाने सरळ आणि उलट बाकांचा संकर आणला, आणि मग हळूहळू, फारसा गाजावाजा न करता, कमान परत आली. आज ‘कस्टम’ दोन्ही प्रकारांत मिळते. गुलमर्गला हौसेने भाड्याची फळी घेणाऱ्या मराठी प्रवाशाने दुकानातल्या फरशीवर ती आडवी ठेवून केवळ तिचा मध्य पाहिला, तरी तिच्या स्वभावाविषयी बरेच काही कळेल.

फळीच्या बाबतीत फेरफारांचा हा प्रवास असा फिरून जवळपास मूळ ठिकाणी आला. पायाच्या बाबतीत तसे झालेले नाही, आणि या खेळाचा खरा इतिहास, माझ्या समजुतीप्रमाणे, पाय फळीला कसा बांधावा याचाच इतिहास आहे.

१९६५च्या नाताळच्या दिवशी मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींच्या करमणुकीसाठी दोन स्की एकमेकांना जोडून एक रुंद फळी केली. त्याच्या पत्नीने बर्फ आणि समुद्रलाटांवरचा खेळ यांची इंग्रजी नावे एकत्र करून तिला ‘स्नर्फर’ म्हटले, आणि पुढे ब्रन्झविक कंपनीने हे खेळणे बाजारात आणले. त्यावर पाय मोकळेच असत. हाती फक्त फळीच्या नाकाला बांधलेली दोरी. आपल्या खडावांना निदान अंगठ्यात धरावयाची खुंटी असते. येथे तीही नव्हती. ज्या मुलांना या खेळण्याने झपाटले त्यांत जेक बर्टन कार्पेंटर हा एक होता. १९७७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कमधील नोकरी सोडून तो व्हरमाँटमधील लंडनडेरी या गावी आला आणि लाकूड कापून, वाकवून, चिकटवून एकामागून एक नमुने करू लागला. १९७९ साली मस्कीगन येथील स्नर्फरांच्या शर्यतीत तो स्वतः बनविलेली फळी घेऊन गेला, तेव्हा तिला पाय अडकविण्याची सोय होती. इतर स्पर्धकांनी तक्रार गुदरली की, पाय बांधणे हा नियमभंग आहे. पंचांनी त्याच्यासाठी एक स्वतंत्र खुला वर्ग काढला आणि त्यात तो पहिला आला. एका चामड्याच्या वा रबराच्या पट्ट्यावरून झालेला हा तंटा वाचताना हसू येते, परंतु खेळण्याचा खेळ झाला तो याच पट्ट्यामुळे.

पाय बांधण्याच्या या साधनास इंग्रजीत बाइंडिंग म्हणतात. आपल्याकडे घोड्याच्या मागल्या पायांस बांधावयाच्या दोरीला पायबंद असा जुना, सरकारी पागेतला शब्द आहे. परंतु पायबंद चाल रोखतो आणि बाइंडिंग चाल देते, असा हा विरोध आहे. १९८०नंतरच्या दशकात पट्ट्यांना घोट्यामागून उंच पाठ जोडली गेली. ही पाठ म्हणजे तरफच होय. माणूस टाचेवर किंचित मागे रेलला की पोटरी त्या पाठीवर टेकते, भार थेट टाचेकडील धारेवर उतरतो आणि फळी वळते. त्याच काळात फळीला पोलादी धारही आली, आणि कठीण बर्फावर वळणे शक्य झाल्यावर, तोवर फळीवाल्यांना मज्जाव करणारी स्कीची ठाणी एकामागून एक त्यांस प्रवेश देऊ लागली. १९९८ साली जपानमधील नागानो येथे हा खेळ ऑलिंपिकमध्येही गेला. गंमत अशी की, ज्या व्हरमाँट राज्यात ही कंपनी वाढली, तेथील मॅड रिव्हर ग्लेन या ठाण्यावर फळीवाल्यांना अद्यापि मनाई आहे.

स्कीचे बाइंडिंग पडताक्षणी आपोआप सुटते. फळीचे सुटत नाही. स्कीवर दोन पाय दोन स्वतंत्र लांब तरफांना बांधलेले असल्यामुळे गुडघा पिळवटण्याचे भय मोठे असते. फळीवर दोन्ही पाय एकाच पाटाला जखडलेले असल्यामुळे ते भय कमी आणि पडताना टेकलेल्या मनगटाचे भय अधिक. बाइंडिंग सुटत नसल्याचा परिणाम दिवसभर सोसावा लागतो तो निराळाच. डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यात बसून वर जाताना मागचा पाय मोकळा ठेवावा लागतो. वर पोचले की बर्फात बसकण मारून घोट्यावरचा आणि चवड्यावरचा असे दोन पट्टे पुन्हा आवळावे लागतात. हे दिवसातून वीस वेळा. विजार ओली होते, आणि स्कीवाले सोबती तोवर चेहऱ्यावर सौजन्य धारण करून थांबून राहतात.

यावर १९९०नंतरच्या दशकात एक तोड निघाली होती. बुटाच्या तळव्याखाली लोखंडी खटका बसवावा आणि पाय ठेवताच तो अडकावा, ही कल्पना बर्टनसह अनेकांनी विकली. आणि ती फसली. तळव्याखाली बर्फ साचून खटका बसेना, आणि पट्टे काढून टाकल्यामुळे त्यांचा सगळा आधार बुटात भरावा लागून बूट ताठर झाले. जाणकार लोक मुकाट्याने पट्ट्यांकडे परतले. त्यामुळे २०१७ साली जेव्हा बर्टनने ‘स्टेप ऑन’ हे साधन बाजारात आणले, त्या वेळी ज्यांच्या स्मरणात जुना फजितवाडा ताजा होता त्यांनी भिवया उंचावल्या, यात नवल नाही. या वेळी मात्र तळव्याला हात लावलेला नव्हता. बुटाच्या चवड्यापाशी दोन्ही बाजूंस एकेक आकडा आणि टाचेमागे एक, असे तीन सांधे. आधी टाच मागल्या पाठीशी दाबावयाची, म्हणजे ती एकदा व नंतर आणखी घट्ट अशी दुसऱ्यांदा ‘कट्’ वाजते, आणि मग चवडा खाली दाबला की दोन्ही आकडे बसतात. सोडविण्यास बाहेरच्या अंगाची छोटी मूठ उचलून टाच फिरवावी. पट्टे गेले, त्यांचे काम तारेने आवळावयाच्या बुटाकडे सोपविले. अर्थात त्यासाठी बूटही त्याच पद्धतीचा हवा, ही मेख आहे. पुढे कंपनीने नायट्रो, डीसी अशा प्रतिस्पर्ध्यांनाही असे बूट करण्याचा परवाना दिला, आणि ही मेख जराशी सैल झाली.

फळी व बाइंडिंग यांच्या सांध्याचीही अशीच कथा आहे. पूर्वी फळीत स्क्रूची भोके ठरावीक अंतरांवर असत. इतर कारखानदार चौकोनी मांडणी वापरीत तर बर्टन आपली त्रिकोणी मांडणी, त्यामुळे एकाचे बाइंडिंग दुसऱ्याच्या फळीवर बसविण्यास मध्ये वेगळी तबकडी लागे. सुमारे २००८च्या हंगामापासून बर्टनने भोकांऐवजी प्रत्येक पायाखाली एक लांबट खाच दिली. स्क्रू तीत सरकतात, म्हणजे दोन पायांतील अंतर वा कोन पाव बोटाने बदलावयाचा झाला तरी अडचण नाही. याच खाचेसाठी निघालेल्या ‘ईएसटी’ बाइंडिंगमध्ये स्क्रू पावलाच्या दोन्ही कडांस असल्याने तळव्याखाली तबकडीच उरत नाही, आणि फळीचे वाकणे पायाला थेट जाणवते. पण हे बाइंडिंग इतर बहुतेक घराण्यांच्या फळ्यांवर बसत नाही. ज्याला दोन्हींकडे संचार हवा त्याने ‘री:फ्लेक्स’ प्रकारचे बाइंडिंग घ्यावे. नवी यादी चाळणाऱ्याने चित्रांआधी हा तपशील पाहावा, नाहीतर दोन उत्तम वस्तू घरी येतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

फळ्यांप्रमाणे कारखान्याची जागाही बदलली. २०१० साली बर्टनने व्हरमाँटमधील फळ्यांचा कारखाना बंद करून ते उत्पादन ऑस्ट्रियात नेले. खर्चाचे गणित व्हरमाँटमध्ये जमत नव्हते. नमुने करण्याची कार्यशाळा मात्र तेथेच राहिली, आणि तिला क्रेग केली या सुप्रसिद्ध फळीस्वाराचे नाव देण्यात आले, जो २००३च्या जानेवारीत कॅनडात हिमस्खलनात गेला. जेक बर्टन स्वतः २०१९च्या नोव्हेंबरात वारला.

बर्टनच्या नव्या यादीत, पट्ट्यांवाचून पाय अडकविणाऱ्या ‘स्टेप ऑन’च्या शेजारी, ‘थ्रोबॅक’ नावाची एक छोटी फळी दिसते. तिला पोलादी धार नाही, बाइंडिंग नाही, पाय मोकळे ठेवावयाचे. आणि नाकाशी एक दोरी बांधलेली आहे.